घरी पण चालेल, साइटवर पण चालेल, अशी एकच सर्क्युलर सॉ कोणती घेऊ?

प्रश्न: एका वाचकाचं लांबलचक पत्र आलंय, ओळख कळू नये म्हणून आटोपतं करून देतोय. नोकरी करतात, सुट्टीच्या दिवशी घरात फर्निचर करायचा नाद आहे. आतापर्यंत हातकरवत आणि जिगसॉवर निभावलं, आता भिंतभर पुस्तकांचं कपाट आणि एक पलंग करायचाय, म्हणजे दहा-बारा शीट प्लाय कापायचं आहे. शिवाय त्यांचे दाजी छोटी बांधकामं घेतात आणि अधूनमधून मदतीला बोलावतात. तिथं बॅटन, चौकटी, सेंटरिंगच्या फळ्या असं काहीबाही कापायचं असतं आणि वरच्या मजल्यावर बऱ्याचदा लाइटच नसते. घरी १८ व्होल्टचं बॅटरी ड्रिल आहे, २ अँपिअर-अवरच्या दोन बॅटऱ्या आहेत. दाजी म्हणतात, "बॅटरीवालं म्हणजे खेळणं, सरळ ९ इंची घे, परत बघायला नको." साइटवरचे मिस्त्री म्हणतात, मशीन घेतोसच कशाला, ४ इंची कटरला लाकडाचं ब्लेड लाव, गार्ड काढून टाक, फटाफट काम होतं. यांना त्या कटरची भीती वाटते पण भित्रा म्हणतील म्हणून गप्प आहेत. शेवटी विचारलंय, "एकदाच घेणार आहे, चुकायचं नाहीये. कोणती घेऊ आणि दाजींना काय सांगू?"

उत्तर:

तुमच्या पत्रात वॅट आहेत, आरपीएम आहेत, चार मॉडेलांची तुलना आहे, पण नेमकं काय कापणार याबद्दल एकच ओळ आहे, तीही जाता जाता लिहिलेली. मला ती ओळ सगळ्यात महत्त्वाची वाटली, त्यामुळे आधी तीच धरतो आणि बाकीचं मग.

घरी तुमचं जवळजवळ सगळं काम १८-१९ मिमीच्या प्लायचं आहे. साइटवर बॅटन म्हणजे साधारण ५० मिमी, फळ्या २५ ते ४० मिमी आणि कधीतरी चौकटीचं लाकूड, ते ६५-७५ मिमी जाडीचं असतं. आता ब्लेडच्या साइजवर कापाची खोली किती मिळते ते बघा. १६५ मिमी (साडेसहा इंची) ब्लेडवाली मशीन सरळ कापात ५५ मिमीच्या आसपास जाते, १८५ मिमी (आपण ७ इंची म्हणतो ती) ६५ मिमीच्या आसपास आणि २३५ मिमी (९ इंची) ८५ मिमीच्या आसपास. मॉडेलप्रमाणे दोन-चार मिमी इकडेतिकडे होतात. बेस (मशीन लाकडावर टेकते ती सपाट पाटी) ४५ अंशात वाकवला की हेच आकडे साधारण ४०, ४५ आणि ६० वर येतात. म्हणजे प्लायला तिन्ही चालतात, बॅटन सरळ कापायला पण तिन्ही चालतात, बॅटन ४५ मध्ये कापायचं असेल तर साडेसहा आणि सात दोन्ही एका दमात पार होत नाहीत, आणि ७५ मिमीची चौकट असेल तर फक्त ९ इंची.

मग ९ इंची घ्यायची का? दाजींच्या जागी मी असतो, रोज चौकटी कापत असतो, तर घेतली असती. तुम्ही वर्षातून किती चौकटी कापणार हो? ज्या काही कापाल त्या चारही बाजूंनी गुण्या लावून रेष मारायची, एका बाजूनं कापायचं, उलटं करून दुसऱ्या बाजूनं कापायचं, दोन मिनिटं जास्त जातील. पण त्या दोन मिनिटांसाठी ६-७ किलोचं धूड घेऊन तुम्ही घरात १८ मिमीच्या प्लायवर आठ फुटी काप मारणार, तो सरळ ठेवणं नवीन माणसाला अवघड जातं, मनगट दुखतं ते वेगळंच. आणि दमलेल्या हातातली मशीन वाकडी चालते, वाकडी चालली की अडकते, अडकली की काय होतं ते पुढे सांगतोय. मोठी मशीन म्हणजे जास्त सुरक्षित किंवा जास्त टिकाऊ असं गणित नाही. "परत बघायला नको" हा विचार हातोडीच्या बाबतीत ठीक आहे, मोटर, बेअरिंग, स्विच असलेल्या वस्तूच्या बाबतीत मला तो कधीच पटला नाही, कारण तिला काहीतरी लागणारच आहे आणि दोन वर्षांनी तुमचं काम पण बदललेलं असणार आहे.

आता बॅटरीचं. खेळणं हा शब्द एकेकाळी बरोबर होता, आता ब्रशलेस (आत कार्बन ब्रश नसलेल्या) मोटरच्या १६५ मिमीच्या मशीन बॅटन आणि प्लाय सहज कापतात. पण तुम्ही जे ठरवलंय की "बॅटऱ्या आहेतच, नुसती बॉडी घेतो", तिथं घोटाळा आहे. हिशोब सोपा आहे, १८ व्होल्ट गुणिले २ अँपिअर-अवर म्हणजे ३६ वॅट-अवर. सॉ प्लायमध्ये घुसली की ५००-६०० वॅट सहज खेचते, मग ३६ वॅट-अवर साडेतीन-चार मिनिटांत संपले. शिवाय छोट्या बॅटरीत सेल कमी, त्यातून एवढा करंट सतत ओढला की ती तापते, मशीन मध्येच बंद पडते आणि माणूस म्हणतो मशीनमध्ये दम नाही. ड्रिलला तो प्रश्न येत नाही कारण ड्रिल दोन-चार सेकंद चालतं आणि थांबतं, सॉ आठ फूट सलग चालते. त्यामुळे बॅटरीवाली घ्यायची तर ५ अँपिअर-अवरची किमान एक बॅटरी सोबत धरायची, म्हणजे ९० वॅट-अवर, आणि ती चालू असताना दुसरी चार्जिंगला अशी जोडी झाली तर अजून बरं. जुन्या दोन बॅटऱ्या फेकायच्या नाहीत, त्या ड्रिलला राहू देत, एखाद-दुसऱ्या आडव्या कापाला अडीनडीला चालतील.

वायरवालीचं काय? घरात प्लग आहे, त्यामुळे घरी ती उत्तमच. १२००-१५०० वॅटची १८५ मिमीची मशीन दिवसभर चालवा, कुरकुर करणार नाही. (वॅट हा आकडा मशीन किती वीज खाते त्याचा असतो, ब्लेडपर्यंत त्यातली किती पोचते ते वेगळं, त्यामुळे १४०० आणि १५०० मध्ये डोकं घालू नका.) पण साइटवर लाइट नाही हे तुम्हीच लिहिलंय, आणि असली तरी खालच्या मजल्यावरून वर ओढलेली पातळ एक्स्टेन्शन असणार. १५०० वॅटची मशीन २३० व्होल्टवर साडेसहा अँपिअरच्या आसपास घेते, लांब आणि बारीक वायरमध्ये व्होल्टेज पडतं, मोटर तापते, वेग कमी होतो. वायर वापरायचीच तर लांब अंतराला २.५ स्क्वेअर मिमीची, आणि ड्रमवर गुंडाळलेली असेल तर पूर्ण उलगडून, गुंडाळीत राहिली तर आतल्या आत तापून इन्सुलेशन वितळतं. ओल्या सिमेंटवर पडलेल्या वायरीला मागे ३० मिलिअँपिअरची ट्रिप (करंट गळला की लगेच लाइट तोडणारा स्विच) नसेल तर मी तरी त्या प्लगला मशीन लावणार नाही.

तर तुमच्यापुरतं उत्तर: १६५ मिमीची, ब्रशलेस, तुमच्या ड्रिलच्याच बॅटरीची सॉ, सोबत ५ अँपिअर-अवरची बॅटरी आणि चार्जर त्या बॅटरीला साजेसा (ड्रिलसोबत आलेले छोटे चार्जर मोठी बॅटरी भरायला फार वेळ घेतात). कारण ती दोन्ही ठिकाणी चालते, वायरवाली तुमच्या बाबतीत एकाच ठिकाणी चालते. वजन बॅटरीसकट साडेतीन किलोच्या आसपास, म्हणजे शिकायला सोपी. हेच पत्र दुसऱ्या कुणी लिहिलं असतं, ज्यांच्याकडे बॅटरीचं काहीच नाही आणि साइटवर लाइट पक्की आहे, तर मी डोळे झाकून वायरवाली ७ इंची सांगितली असती, कारण बॅटरी, चार्जर सगळं नव्यानं घ्यायचं तर तेवढ्यात मशीन, तीन चांगली ब्लेड आणि क्लॅम्प येतात. आणि रोज आठ तास कापणाऱ्यांनी बॅटरीवर एकट्यावर विसंबू नये, हे आहेच.

वर्म ड्राइव्हबद्दल विचारलंय, तुम्हाला नको. त्यात मोटर ब्लेडला समांतर बसवून गिअरनं ताकद फिरवतात, जोर जास्त, पण जड, आणि लांब हातानं मोठी लाकडं कापणाऱ्यांची ती आवड आहे.

इथपर्यंत मशीन झालं. खरं सांगू का, मशीन निवडण्यात तुम्ही जेवढा वेळ घालवलाय त्याच्या निम्मा ब्लेडवर घालवा. मशीनसोबत जे ब्लेड येतं ते बहुतेक वेळा २४ दातांचं असतं, ते बॅटन आणि फळ्यांसाठी, पटापट कापतं, कडा खरबरीत येते. त्यानं सनमायका लावलेला प्लाय कापला की कडेनं कपच्या उडतात आणि माणूस मशीनला नावं ठेवतो. प्लायला ४० दाती, सनमायका किंवा व्हिनिअर असेल तर १६५ मिमीमध्ये ५०-६० दाती. दात कार्बाइडचे, आणि बॅटरीवाल्या मशीनला पातळ कापाचं ब्लेड घ्या, म्हणजे १.६-१.८ मिमी रुंदीचा काप पडतो असं, जाड ब्लेड जेवढं जास्त लाकूड भुशात घालवणार तेवढी बॅटरी जास्त खाणार. ब्लेडवर जास्तीत जास्त आरपीएम छापलेला असतो, तो मशीनच्या आरपीएमपेक्षा जास्त हवा.

तुमचं "घर आणि साइट दोन्हीला एकच" हे इथं सुटतं. मशीन एक, ब्लेड दोन. घरचं ४० दाती साइटवर न्यायचंच नाही. सेंटरिंगच्या फळीत खिळे असतात, एका खिळ्यावर गेलं की कार्बाइडचा दात तुटतो आणि तो तुटलेला तुकडा कुठं उडेल त्याचा नेम नाही. साइटला वेगळं २४ दाती, आणि फळी कापायच्या आधी रेषेवर हात फिरवून, खिळे उपटून. ब्लेड बोथट झालं की धूर येतो, कड काळी पडते, ढकलायला जोर लागतो. लोकांना वाटतं मोटर गेली. बऱ्याचदा तर दातांना नुसतं राळ-गोंद चिकटलेलं असतं, ब्लेड काढून साबणाच्या गरम पाण्यात ठेवून जुन्या टूथब्रशनं घासलं, लगेच कोरडं पुसलं की परत चालायला लागतं.

सिमेंट शीटचं ओझरतं लिहिलंय तुम्ही, की दाजी म्हणाले त्यानं सिमेंट बोर्ड पण कापता येईल. नका कापू, या मशीननं तर नकोच. त्याला वेगळं, मोजक्याच दातांचं डायमंड टोकांचं ब्लेड लागतं, आणि त्यातून जी धूळ उडते तिच्यात सिलिका असते, फुप्फुसात गेलेली ती परत येत नाही. ती धूळ मोटरमध्ये पण जाते.

आता त्या ४ इंची कटरवर येतो, कारण पत्रातला मला सगळ्यात खटकलेला भाग तो आहे. तुमची भीती अगदी योग्य जागी आहे. मार्बल कटर दगड घासून कापायला बनलेलं असतं, त्याचा वेग १२-१३ हजार आरपीएम. त्यावर ११० मिमीचं दातांचं ब्लेड लावलं की दाताचा वेग सेकंदाला ७५ मीटरच्या घरात जातो, ७ इंची सर्क्युलर सॉचा साडेपाच हजार आरपीएमवर ५३ च्या आसपास असतो. बरं वेग एकवेळ सोडा, मुख्य फरक गार्डचा. सर्क्युलर सॉला खाली स्प्रिंगचं गार्ड असतं, लाकडात शिरताना ते आपोआप मागे सरकतं आणि काप संपला की खट्कन ब्लेड झाकतं. कटरला ते नसतंच, वरचं एक ठरावीक झाकण, खालून ब्लेड कायम उघडं. काप संपवून हात खाली गेला, मशीन मांडीवर टेकली, ब्लेड अजून फिरतंय. त्यात वरचं झाकण पण काढायचं म्हणजे काय राहिलं? ग्राइंडरला लाकडाचं ब्लेड लावणं तर याच्याही पुढचं, त्याला खाली टेकायला बेसच नाही, ब्लेड चावलं की आख्खी मशीन हातातून फिरते. मिस्त्री वीस वर्षं तसं कापत असतील, कापू देत, त्यांच्या हाताला सवय आहे आणि नशीबही आहे, तुम्ही त्या दोन्हीच्या भरवशावर राहू नका. आणि तुमच्या नव्या सॉचं गार्ड खिळा अडकवून किंवा तार बांधून उघडं ठेवायचा सल्ला पण कुणीतरी देईलच, त्यालाही हेच उत्तर.

मघाशी अडकण्याचं म्हणालो ते असं. समजा तुम्ही प्लायची शीट दोन स्टुलांवर टेकवली, एक या टोकाला, एक त्या टोकाला, आणि बरोबर मधोमध कापायला लागलात. शेवटचा वीतभर राहिला की दोन्ही तुकडे मध्ये खाली वाकतात, कापाची फट वरून मिटते, ब्लेड चिमटीत सापडतं. ब्लेडचे मागचे दात वरून खाली जात असतात, ते प्लायला वरून पकडतात आणि मशीन उसळून सरळ तुमच्याकडे येते. हाच किकबॅक. यात मशीनची चूक नाही आणि वॅट कमी असल्यामुळे पण होत नाही, आधार चुकीचा म्हणून होतं. दोन्ही तुकड्यांना आपापला आधार पाहिजे, म्हणजे चार ठिकाणी टेकू, किंवा सगळ्यात सोपं म्हणजे जमिनीवर जाड थर्माकोलची शीट पसरा, तिच्यावर प्लाय, आणि ब्लेडची खोली अशी लावा की प्लायच्या खाली दाताएवढंच म्हणजे ४-५ मिमी बाहेर येईल. थर्माकोलवर चरे पडतील, पडू देत. प्लाय पूर्णवेळ टेकलेला राहतो, एकट्या माणसाला ३० किलोची शीट सांभाळत बसावं लागत नाही. घरी एकटेच करणार आहात ना, मग हेच करा. उभं राहायचं किंवा गुडघे टेकायचे ते रेषेच्या जरा बाजूला, मशीनच्या थेट मागे नाही. मध्येच वाकडं गेलं तर बटण सोडा, ब्लेड थांबू द्या, मग मागे घ्या, फिरत्या ब्लेडनं मशीन मागे ओढायची नाही. म्हणूनच इलेक्ट्रिक ब्रेक असलेली मशीन बघा, बटण सोडल्यावर दोन-तीन सेकंदात ब्लेड थांबतं, नसेल तर ते कितीतरी वेळ घोंगावत राहतं.

ब्लेड खालून वर कापतं म्हणून कपच्या वरच्या बाजूला उडतात. त्यामुळे चांगली बाजू खाली ठेवून उलट्या बाजूवर रेष मारायची. मारताना डावं-उजवं उलटं होतं तेवढं लक्षात ठेवा, कपाटाची एक बाजू वाया घालवायला तेवढं पुरतं.

आणि आठ फुटी सरळ काप हातानं येत नाही, कुणालाच येत नाही. त्यासाठी ट्रॅक सॉ (रुळासारख्या पट्टीवर सरकणारी सॉ) घ्यायची गरज नाही, एक गाइड घरीच करा, अर्ध्या तासाचं काम आहे. ६ मिमी प्लायची एक पट्टी घ्या, ३०-३५ सेंमी रुंद आणि शीटपेक्षा थोडी लांब. तिच्यावर दुसरी ८-१० सेंमी रुंद पट्टी फेविकॉल आणि छोट्या स्क्रूनं बसवा, ही दुसरी पट्टी फॅक्टरीची सरळ कड असलेली पाहिजे, आणि ती कड मशीन जिथून चालणार त्या बाजूला. बसवताना एवढीच काळजी की त्या कडेपासून पुढे खालची पट्टी मशीनच्या बेसच्या कडेपासून ब्लेडपर्यंतच्या अंतरापेक्षा दोन-तीन सेंमी जास्त सुटलेली हवी. गोंद वाळला की मशीनचा बेस त्या सरळ कडेला टेकवून एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवा, खालच्या पट्टीचा जास्तीचा भाग कापून पडेल. आता जी कड उरली ती म्हणजे तुमचं ब्लेड नेमकं जिथून जातं ती जागा. पुढे कधीही कापायचं तर ती कड रेषेवर ठेवायची, दोन्ही टोकांना क्लॅम्प, आणि मशीन चालवायची. मोजून बेसचं अंतर वजा करायचं डोकं नको, आणि रेषेच्या त्या बाजूला गाइडनं दाबून धरल्यामुळे कपच्या पण कमी उडतात. दोन गोष्टी, एक म्हणजे वरची पट्टी जाड घेऊ नका, खोली वाढवली की मोटर खाली येते आणि मोटरचा भाग पट्टीला किंवा क्लॅम्पला आपटतो. दुसरं, गाइड त्या मशीनला आणि त्याच जाडीच्या ब्लेडलाच लागू, म्हणून त्यावर मार्करनं लिहून ठेवा. आणि गाइडच्या ६ मिमीनं खोली तेवढी कमी होते, प्लायला त्यानं काही बिघडत नाही.

धूळ आणि आवाजाचं थोडक्यात. लाकडाचा भुसा साधा वाटतो पण आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्थेनं १९९५ साली लाकडाची धूळ पहिल्या गटात, म्हणजे कॅन्सर होतो हे नक्की झालेल्या गोष्टींमध्ये टाकली, त्यामुळे रुमाल बांधून भागत नाही, एन९५ घाला आणि मशीनला व्हॅक्यूम जोडायची नळी आहे का बघा. आवाज १०० डेसिबलच्या आसपास जातो, एवढ्या आवाजात कान उघडे ठेवून दिवसाला १५ मिनिटं हीच मर्यादा धरतात, म्हणजे इअरमफ घालायचेच. तुम्ही लिहिलंय शेजारी कुरकुरतात, मग एक पर्याय सुचवतो. ज्या ठिकाणी प्लाय घेता तिथं पॅनल सॉवर कापून देत असतील तर शीटचे मोठे तुकडे तिथंच पाडून घ्या, घरी फक्त शेवटचे मापाचे काप. खरं तर नुसतं कपाट आणि पलंगच करायचा असता आणि साइट नसती, तर मशीन लगेच घ्यायची गरज होती का हेच मी आधी विचारलं असतं.

दुकानात गेल्यावर बॉक्सवरचं वाचत बसू नका, मशीन हातात घ्या. बॅटरी काढून खालचं गार्ड बोटानं उघडून सोडा, न अडकता पूर्ण बंद व्हायला पाहिजे. दुकानदार बॅटरीशिवायच हातात देईल, मागून बॅटरी लावून धरा, वजनाचा तोल तेव्हाच कळतो. बेस पत्र्याचा आहे की कास्ट अॅल्युमिनिअम किंवा मॅग्नेशिअमचा ते बघा, पत्र्याचा एकदा पडला की वाकतो. मग ब्लेडच्या पुढच्या दातापासून बेसच्या कडेपर्यंत आणि मागच्या दातापासून कडेपर्यंत अंतर मोजा, दोन्ही सारखं हवं. अर्ध्या मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर ब्लेड तिरकं घासत जाणार, कड करपणार, आणि आठ फुटांत तुम्ही मशीनशी झटापट करणार. हे माप साइटवरून मशीन परत आली की दरवेळी घ्या. ब्लेड डाव्या बाजूला की उजव्या, याचं फार घेऊ नका, उजव्या हाताच्या माणसाला डावीकडच्या ब्लेडची रेष वाकून न बघता दिसते, तेवढाच फायदा, आणि गाइडवर चालवताना रेष बघायचीच नसते.

दाजींना काय सांगायचं? मला नाही वाटत त्यांच्याशी ९ इंचीवर वाद घालायची गरज आहे, त्यांच्या कामासाठी त्यांचं बरोबरच आहे. तुम्ही एवढंच बोला, "दाजी, मशीन माझं, साइटचं ब्लेड तुमचं, आणि मी असेन तेव्हाच ते चालेल." हे शेवटचं जास्त महत्त्वाचं, कारण एकदा मशीन तिथं ठेवून आलात की ते चार हातांत जाणार, कुणीतरी त्यानं सिमेंट बोर्ड कापणार, कुणीतरी गार्डला तार बांधणार, आणि वाकलेला बेस घेऊन ते तुमच्या कपाटाच्या दारावर येणार. वाईट दिसेल असं वाटत असेल तर बॅटरी घेऊन घरी या, बॉडी राहिली तरी कुणाला चालवता येणार नाही (फक्त तिथं त्याच कंपनीची बॅटरी दुसऱ्या कुणाकडे नाही ना एवढं बघा). भित्रा म्हणतील ही भीती मात्र काढून टाका, गार्ड लावून, खोली लावून, क्लॅम्प मारून चार बॅटन सरळ कापून दाखवले की मिस्त्रीच विचारतील, ब्लेड कुठलं आहे म्हणून.

हो, ब्लेडवरून एक राहिलं. जास्तीची ब्लेड आणायला जाताना मशीनच्या ब्लेडचं मधलं भोक किती मिमीचं ते लिहून न्या. १६, २०, २५.४, ३० असे सगळे प्रकार असतात, डोळ्यांना सारखेच दिसतात. मोठ्या भोकाचंच मिळालं तर रिंग टाकून बसवता येतं, पण रिंग भोकात घट्ट बसणारी हवी आणि ब्लेडच्या पत्र्यापेक्षा जाड नको, नाहीतर फ्लँज (बोल्टखालची ब्लेड दाबून धरणारी चकती) ब्लेडला न पकडता रिंगलाच पकडतो आणि बोल्ट कितीही आवळला तरी ब्लेड आत सरकत राहतं. बदलताना बॅटरी आधी काढायची, आणि बाणाची दिशा मशीनवरच्या बाणाशी जुळवून मगच बोल्ट आवळायचा.